बारा हातांची प्रार्थना

येरवड्यात सकाळी सातच्या सुमारास दोन आवाज कानी पडतात. एक नगर रस्त्यावरून धावणाऱ्या वाहनांचा आणि दुसरा शाळेच्या पटांगणावरून येणारा मुलांच्या प्रार्थनेचा. माझे बालपण ज्या गल्लीत गेले तेथून कारागृहाची उंच दगडी भिंत फार लांब नव्हती. शाळेत आम्ही हात जोडून, डोळे मिटून ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ म्हणत असू. डोळे किलकिले करून पाहिले, तर समोर झाडांच्या शेंड्यांपलीकडे ती भिंत दिसे. ज्या गीताने आमचा दिवस सुरू होई, ते मुळात कैद्यांसाठी लिहिलेले गीत आहे, हे त्या वयात आम्हांला कोणी सांगितले नव्हते. ते कळले तेव्हा भिंत आणि प्रार्थना यांचा काही संबंध आहे, असे प्रथमच जाणवले. त्या संबंधाची ही कथा आहे, आणि तिचा एक लहानसा धागा आमच्या घरातूनही गेलेला आहे.

माणदेशातील एक प्रयोग

हे गीत ‘दो आँखें बारह हाथ’ या 1957 सालच्या चित्रपटातील. निर्माते-दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा-पटकथा ग. दि. माडगूळकर, गीतकार भरत व्यास, संगीतकार वसंत देसाई आणि स्वर लता मंगेशकर यांचा. चित्रपटाची कल्पना मात्र कोणा लेखकाच्या टेबलावर जन्मलेली नाही. तिचे मूळ सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळच्या माळरानात आहे.

त्या काळी आटपाडीचा परिसर औंध संस्थानात मोडत असे. संस्थानाधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे चित्रकार, सूर्यनमस्कारांचे प्रसारक आणि विचाराने उदार असे राजे होते. 1939 साली महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. या कार्यात त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून भारतात आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा मोठा वाटा होता. फ्रीडमन पुढे ‘भारतानंद’ या नावाने ओळखले जाऊ लागले. याच काळात आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ वसले. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीविना, बेड्यांविना, आपल्या कुटुंबासह राहू द्यायचे, शेती करू द्यायची आणि विश्वासाच्या बळावर त्यांना माणसांत परत आणायचे, असा तो प्रयोग होता. खुल्या कारागृहाची कल्पना आज आपल्याला परिचयाची आहे. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी, दुष्काळी माणदेशात, एका लहान संस्थानाने ती करून पाहिली, ही गोष्ट लहान नव्हे.

गदिमा याच मातीतले. त्यांचा जन्म 1 ऑक्टोबर 1919 रोजी शेटफळे येथे झाला, त्यांचे माडगूळ गाव आटपाडी तालुक्यातले आणि शिक्षणाचा काही काळ औंधातच गेला. पुढे ते पुणेकर झाले आणि 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून त्यांचे ‘गीतरामायण’ घराघरांत पोहोचले. त्या पाठोपाठच त्यांनी आपल्या मुलुखातील कैद्यांची ही कथा चित्रपटासाठी लिहिली. ज्या माळावर पाऊस रुसतो आणि माणूस सहज उजाड होतो, त्या माळाची ओळख लेखकाला पुस्तकातून करून घ्यावी लागली नव्हती. म्हणूनच चित्रपटातील ओसाड जमीन सजावटीची वाटत नाही.

दोन डोळे, बारा हात

दिग्दर्शक शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म 1901 साली कोल्हापुरात झाला. त्यांचे वडील जैन आणि आई हिंदू. आपल्या समाजातील अनेकांना ही गोष्ट अभिमानाची वाटते. अभिमानापेक्षा अधिक लक्षात घेण्याजोगी गोष्ट दुसरी आहे. चित्रपटातील तरुण तुरुंगाधिकाऱ्याचे नाव आहे आदिनाथ. ही भूमिका शांतारामबापूंनी स्वतः केली. नाव ठेवण्यामागील हेतू काय होता, याचा तर्क आपण करू नये. पण जैन वाचकाला ते नाव ऐकताच काय आठवते, हे सांगावयास नको. भगवान आदिनाथांनी असि, मसि आणि कृषी यांसह सहा कर्मे मानवाला शिकवली, अशी आपली परंपरा सांगते. चित्रपटातील आदिनाथही सहा माणसांच्या हातातील शस्त्र काढून घेतो आणि त्यांच्या हाती नांगर देतो.

खुनाची शिक्षा भोगणारे सहा कैदी तो स्वतःच्या जबाबदारीवर तुरुंगातून मागून घेतो आणि एका ओसाड माळावर त्यांच्यासह राहू लागतो. सहा जणांचे बारा हात आणि त्यांच्यावर विश्वासाने खिळलेले अधिकाऱ्याचे दोन डोळे, असा चित्रपटाच्या नावाचा अर्थ. कैदी जमीन फोडतात, पेरतात, भाजी पिकवतात आणि रास्त भावात विकू लागतात. बाजारावर पकड असलेल्या व्यापाऱ्याला हे सहन होत नाही. कैद्यांनी हात न उचलण्याचे वचन दिलेले असते. ज्या हातांनी पूर्वी प्राण घेतले, ते हात आता मार खाऊनही खाली राहतात. अखेर त्या व्यापाऱ्याच्या कारस्थानातून शेतावर संकट कोसळते आणि शेत वाचवताना आदिनाथ प्राण गमावतो.

या चित्रीकरणात बैलाशी झुंज देताना शांतारामबापूंच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. काही काळ डोळ्यांवर पट्टी बांधून राहावे लागले. दृष्टी परत आल्यावर जगातील रंगांविषयी वाटलेल्या कृतज्ञतेतून त्यांनी 1959 मध्ये ‘नवरंग’ काढला. ‘दो आँखें बारह हाथ’ हा कृष्णधवल चित्रपट मात्र त्याआधीच देशोदेशी पोहोचला होता. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, 1958 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वलाचा सन्मान मिळाला आणि त्यानंतर अमेरिकेत गोल्डन ग्लोब सोहळ्यात सॅम्युएल गोल्डविन पुरस्कार मिळाला.

पुरस्कार कपाटात राहिले आणि लोकांच्या ओठांवर राहिली ती प्रार्थना. चित्रपट न पाहिलेल्या लाखो लोकांना ती पाठ आहे. असे भाग्य फार थोड्या चित्रपटगीतांना लाभते.

गीताची घडण

भरत व्यास मूळचे राजस्थानचे. संस्कृतप्रचुर हिंदी त्यांच्या हातची होती. ‘नवरंग’मधील आणि पुढे ‘संत ज्ञानेश्वर’मधील त्यांची गीते पाहिली, म्हणजे हा कवी किती अलंकृत लिहू शकतो, हे कळते. पण या प्रार्थनेत त्यांनी सारे अलंकार बाजूला ठेवले. ‘मालिक’ आणि ‘बंदे’ हे उर्दूच्या अंगणातले शब्द आहेत, ‘नेकी’ आणि ‘बदी’ हेही तसेच. त्यांच्या शेजारी साधी बोलीतली हिंदी आहे. कोणत्याही देवाचे नाव नाही, कोणत्याही ग्रंथाचा उल्लेख नाही. जो शब्द खेडुताला समजणार नाही, तो जणू दारातूनच परत पाठवला आहे. याचे कारण कथेतच दडले आहे. ही प्रार्थना म्हणणारी सहा माणसे शिकलेली नाहीत, आणि ती एकाच धर्माची असावीत असा आग्रहही नाही. त्यांच्या तोंडी शोभेल असेच गीत हवे होते. कैद्यांसाठी केलेली ही काटकसर पुढे सर्वांच्या उपयोगी पडली.

वसंत देसाई हे कुडाळजवळच्या सोनवडे गावचे. 1912 साली जन्मलेला हा कोकणी मुलगा प्रभात चित्रसंस्थेत शांतारामबापूंच्या हाताखाली वाढला आणि पुढे ‘राजकमल’मध्येही त्यांच्या सोबत राहिला. ‘अमर भूपाळी’ आणि ‘झनक झनक पायल बाजे’ या चित्रपटांत त्यांनी रागदारीचे आणि लोकसंगीताचे वैभव उधळले होते. या प्रार्थनेत मात्र त्यांनी हात आखडता घेतला. चाल अशी की गळ्याची तयारी नसलेल्या माणसालाही ती धरता यावी. ओळी लहान, विसावे वेळेवर, आणि एकाने म्हटलेले दहांनी उचलावे अशी रचना. लताबाईंचा स्वर या चालीत कसरत करीत नाही. तो पुढे चालतो आणि मागून येणाऱ्यांना वाट दाखवतो. पटांगणावर पाचशे मुले बेसूर म्हणाली तरी हे गीत मोडत नाही, याचे श्रेय संगीतकाराच्या या संयमाला आहे.

वसंतरावांच्या हातून प्रार्थना पुन्हा पुन्हा घडल्या, हा योगायोग नसावा. 1966 मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात गायलेले ‘मैत्रीं भजत’ हे संस्कृत गीत त्यांनीच स्वरबद्ध केले. 1971 च्या ‘गुड्डी’तील ‘हमको मन की शक्ति देना’ ही वाणी जयराम यांच्या आवाजातील प्रार्थनाही त्यांचीच. आज महाराष्ट्रातील कितीतरी शाळांत आठवड्याचे वार या दोन चित्रपटप्रार्थनांत वाटलेले असतात आणि दोहोंचा संगीतकार एकच आहे, हे म्हणणाऱ्या मुलांच्या गावीही नसते. 1975 च्या डिसेंबरात उद्वाहकाच्या अपघातात वसंतरावांचे अकाली निधन झाले.

मागणे कोणाकडे आणि कशाचे?

येथे जैन वाचकाच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. आमच्या घरीही ती आली होती. मी लहानपणी हे गीत घरात गुणगुणत असता आजीने विचारले होते, “बाळा, हा मालिक कोण रे? आपल्याकडं तर कोणी मालक नाही.”

आजीचा प्रश्न शास्त्राला धरून होता. आपल्या दर्शनात जगाचा कर्ता, सुखदुःखाचा दाता असा कोणी ईश्वर नाही. जीव स्वतः कर्म बांधतो, स्वतः त्याचे फळ भोगतो आणि स्वतःच्या पुरुषार्थाने मुक्त होतो. णमोकार मंत्रात पंचपरमेष्ठींना नमन आहे, मागणे एकही नाही. मग मालिकापुढे हात जोडणारे हे गीत आपण कोणत्या भावाने म्हणावे?

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते तेव्हा शिक्षक होते. त्यांनी आजीला दिलेले उत्तर मला आजही पुरेसे वाटते. ते म्हणाले, “आई, हाक कुणाला मारलीय ते बघू नकोस. मागितलंय काय ते बघ.” आणि खरोखर, या गीतात धन मागितलेले नाही, सुटका मागितलेली नाही, शिक्षेत सूटही मागितलेली नाही. मागितले आहे ते एवढेच, की आमची कर्मे चांगली असोत, पाऊल वाईटाकडे न वळो, आणि अखेरचा श्वास प्रसन्नपणे सुटो. पुढच्या कडव्यात तर याहून कठीण गोष्ट आहे. समोरचा वाईट वागला तरी आपण भले करावे आणि मनात सूड उरू नये, असा संकल्प आहे. पंडित जुगलकिशोर मुख्तारांच्या ‘मेरी भावना’ने ज्या मार्गाने आपल्या पिढ्या घडवल्या, त्याच मार्गाने हे गीतही जाते. ते याचनेच्या रूपात केलेली प्रतिज्ञा आहे. शांतपणे मरण यावे ही त्यातील इच्छा ऐकताना समाधिमरणाची भावना ज्याला आठवणार नाही असा जैन विरळा.

हे शब्द कोणाच्या तोंडी आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचे वजन वाढते. सज्जनाने सज्जनतेची प्रार्थना करणे सोपे आहे. ज्याच्या हातून माणूस मेला आहे, तो जेव्हा म्हणतो की माझी कर्मे चांगली असोत, तेव्हा त्या वाक्यामागे त्याचे सारे आयुष्य उभे असते. चित्रपटाच्या अखेरीस, आदिनाथच्या मृत्यूच्या प्रसंगी, हीच प्रार्थना पुन्हा ऐकू येते. आरंभी शिकवलेले शब्द शेवटी कसोटीला लागतात.

येरवड्याच्या भिंतीआड

कारागृहात प्रार्थना ही गोष्ट येरवड्याला नवी नाही. 1871 साली ब्रिटिशांनी बांधलेल्या या मध्यवर्ती कारागृहात महात्मा गांधी 1922 ते 24, पुढे 1930-31 आणि 1932-33 अशा निरनिराळ्या काळी बंदी होते. त्यांनी या तुरुंगाला ‘यरवडा मंदिर’ असे नाव दिले. 1930 मध्ये दर मंगळवारी पहाटे आश्रमवासीयांसाठी त्यांनी येथून जी पत्रे लिहिली ती ‘मंगलप्रभात’ या नावाने प्रसिद्ध आहेत. सत्य, अहिंसा, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह ही आपल्या परिचयाची व्रते त्यांत एकेक करून उलगडली आहेत. याच मुक्कामात आश्रमातील भजनांचा इंग्रजी अनुवादही त्यांनी मीराबेनसाठी केला.

20 सप्टेंबर 1932 रोजी त्यांनी येथेच उपोषण आरंभले. 24 तारखेला पुणे करार झाला आणि 26 तारखेला सायंकाळी उपोषण सुटले. त्या प्रसंगी रवींद्रनाथ ठाकूर उपस्थित होते. कस्तुरबांनी संत्र्याचा रस पुढे करण्याआधी रवींद्रनाथांनी ‘गीतांजली’तील एक गीत गायले. आयुष्य शुष्क झाले असता करुणेची धार होऊन ये, असा त्याचा आशय. रवींद्रनाथांनीच पुढे लिहून ठेवले आहे की, त्या क्षणी गीताची मूळ चाल त्यांना आठवेना आणि सुचेल त्या सुरांत त्यांनी ते म्हटले. ज्याने चाल बांधली तोच ती विसरला, तरी प्रार्थना अडली नाही. उपवास आणि पारणे यांचे मोल जाणणाऱ्या आपल्या समाजाने तरी हा प्रसंग विसरू नये.

आज याच परिसरात मध्यवर्ती कारागृहाशेजारी खुले कारागृह आहे. तेथील बंदी शेतात काम करतात. तुरुंगात विणलेले कापड, घडवलेले लाकडी सामान विक्रीला ठेवलेले असते आणि पुणेकर ते कौतुकाने घेतात. स्वतंत्रपूरची वसाहतही अद्याप नांदती आहे. देशातील अनेक तुरुंगांतून सकाळच्या प्रार्थनेला हेच गीत म्हटले जाते. चित्रपटातील कैद्यांसाठी लिहिलेले गीत खऱ्या कैद्यांनी आपले मानले, याहून मोठा पुरस्कार कोणता?

क्षमावाणीच्या दिवशी

आता आमच्या घरातला धागा. अण्णांनी निवृत्तीनंतर येरवड्यातच किराणा मालाचे लहान दुकान काढले. एके दिवशी दुपारी चाळिशीचा एक मनुष्य आला. त्याने आढेवेढे न घेता सांगितले, “मास्तर, मी आत होतो. नऊ वर्षं. सुटून दोन महिने झाले. पोती उचलीन, झाडून काढीन. काम द्या.” अण्णांनी त्याला पाणी दिले, चहा दिला आणि म्हणाले, “घरी विचारून सांगतो. परवा या.” तो परवा आला. अण्णांनी पुन्हा “पुढच्या आठवड्यात बघू” असे सांगितले. त्यानंतर तो आला नाही.

घरी विचारणे झालेच नव्हते. अण्णांनी ते नंतर आईजवळ कबूल केले. त्यांना त्या माणसाची भीती वाटली नव्हती. गिऱ्हाइके काय म्हणतील, याची भीती वाटली होती. चाळीस वर्षे मुलांकडून रोज ती प्रार्थना म्हणवून घेणाऱ्या माणसाला एका प्रश्नाचे उत्तर देता आले नव्हते. दशलक्षण पर्व संपून क्षमावाणीचा दिवस आला, की आप्तेष्टांना ‘उत्तम क्षमा’ म्हणून झाल्यावर अण्णा थोडा वेळ गप्प बसत. एकदा मी कारण विचारले. ते म्हणाले, “एकाची मागायची राहिली. नावसुद्धा विचारलं नव्हतं मी त्याला.”

चित्रपटात दोन डोळे एका अधिकाऱ्याचे आहेत. पण कैदी सुटून बाहेर आला म्हणजे ते दोन डोळे कोणाचे असावयास हवेत? अधिकाऱ्याचे काम तुरुंगाच्या दारापाशी संपते. पुढे घरमालक असतो, दुकानदार असतो, शेजारी असतो. शिक्षा भोगून झालेल्या माणसाला आपण पुन्हा शिक्षा करतो, आणि तिला मुदत नसते. हे गीत इतकी वर्षे टिकले याचे एक कारण त्याची गोड चाल आहे, यात शंका नाही. दुसरे कारण मला असे वाटते, की त्यातले मागणे अद्याप पुरे झालेले नाही.

अण्णा आता नाहीत. तीन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या सामाजिक कार्यकर्त्याने असाच एक मनुष्य आमच्या दुकानी पाठवला. धाकट्या भावाने माझ्याकडे पाहिले, मी आईकडे पाहिले. आईने त्याला आधी नाव विचारले. मग विचारले, “काय काय येतं तुम्हाला?” तो म्हणाला, “शेतीतलं सगळं येतं. आणि हिशेब येतो, आत शिकलो.” तो तेव्हापासून आमच्याकडे आहे. दोन जुनी गिऱ्हाइके त्याची हकीकत कळल्यावर यायची बंद झाली, त्यांतले एक वर्षभराने परत आले. गेल्या क्षमावाणीला तो मनुष्य सकाळीच घरी आला आणि आम्ही काही म्हणण्याआधी त्यानेच आईपुढे हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हटले. हे शब्द त्याला कोणी शिकवले, ते आम्ही विचारले नाही. आईनेही हात जोडले.